ज्यांना माती मिळाली नाही

आमच्या गावाच्या नावातच रेल्वे आहे. म्हणूनच की काय, रुळांवर सापडलेल्या एका मुलाची कथा हातात घेतली आणि ती संपेपर्यंत खाली ठेववली नाही. चिनी कादंबरीकार यू हुआ यांची ‘द सेव्हन्थ डे’ ही ती कादंबरी. मूळ चिनी आवृत्ती 2013 ची, तर ॲलन बार यांचा इंग्रजी अनुवाद 2015 चा. 1960 साली जन्मलेल्या या लेखकाचे वडील शल्यविशारद होते आणि घर रुग्णालयाच्या शवागारासमोर होते. रात्री-अपरात्री उठणारा आप्तांचा आक्रोश ऐकत तो वाढला. त्या आक्रोशाचा अर्थ शोधणारे हे पुस्तक आहे.

कथानायक यांग फेई 41 वर्षांचा आहे आणि पहिल्याच पानावर तो मृत आहे. दाट धुक्यातून तो स्वतःच्याच दहनासाठी निघतो. दहनगृहाच्या प्रतीक्षालयातही धनिकांना गुबगुबीत आसने आणि गरिबांना प्लास्टिकच्या खुर्च्या! याच्यापाशी अस्थिकलश नाही, कबरीला जागा नाही, मागे रडणारे कोणी नाही. शोक करणारे कोणीच नसल्याने तो स्वतःच्याच दंडावर काळी फीत बांधतो आणि सात दिवस भटकत राहतो. लेखकाने आरंभीच उत्पत्तीच्या पुस्तकातील सातव्या दिवसाचे स्मरण दिले आहे. तेथे सृष्टीची पूर्तता आहे, येथे एका सामान्य जीवाची वणवण.

धावत्या गाडीत जन्मून रुळांवर पडलेल्या या मुलाला एका तरुण पॉइंट्समनने उचलले. त्याचे नाव यांग जिनब्याव. एकदा लग्नाच्या मोहाने त्याने मुलाला परगावी एका दगडावर सोडले. पश्चात्तापाने तो परत धावला आणि पुढे आजन्म अविवाहित राहिला. दुर्धर आजार झाल्यावर मुलावर भार नको म्हणून तो न सांगता घर सोडून गेला. पिता कोठे गेला, हेच या कादंबरीचे रहस्य. त्याचा उलगडा मी येथे करीत नाही. जी. ए. कुलकर्णी यांच्या कथांत मृत्यूचे गूढ नियतीपाशी जाऊन थांबते. येथे ते प्रेमापाशी जाऊन थांबते.

कादंबरीत दोष आहेत. पाडलेली घरे, विकलेले मूत्रपिंड, नदीत टाकलेली 27 अर्भके, अशी प्रकरणांमागून प्रकरणे येतात आणि कथा काही ठिकाणी वृत्तपत्राची कात्रणवही होते. चीनमधील समीक्षकांनीही हा आक्षेप घेतला होता. तरी एक प्रसंग मला विसरता येत नाही. आत्महत्या केलेल्या एका गरीब तरुणीसाठी तिचा प्रियकर मूत्रपिंड विकून कबर घेतो. ती विसाव्याला निघते, तेव्हा कबर नसलेले सारे मृत पानांच्या द्रोणांतून पाणी आणून तिला न्हाऊ घालतात. ‘मेल्यावर पुरायला जागा न मिळो’ हा चिनी भाषेतला शाप. यू हुआ त्या शापाचेच एक करुणेचे गाव वसवतात.

वाचकहो, वऱ्हाडात अंत्यविधीला जाण्याला आपण ‘मातीला जाणे’ म्हणतो. कर्जापायी जीव दिलेल्या एका शेतकऱ्याच्या मातीला मी गेलो होतो. त्याच्या आईने हळूच विचारले, “फादर, याच्यासाठी मिस्सा होईन ना?” आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्तसभेचा दफनविधी नाकारणारा नियम 1917 च्या धर्मसंहितेत होता, 1983 च्या संहितेत तो उरला नाही. नियम गेला, पण माउलीच्या मनातली भीती गेली नव्हती. शेजाऱ्यांची कुजबुजही थांबली नव्हती. मिस्सा झाली, मात्र बाके निम्मी रिकामी होती. ती रिकामी बाके मला या पुस्तकाने पुन्हा दाखवली.

तोबीतच्या ग्रंथातील तोबीत परमुलखात जिवावर उदार होऊन बांधवांची प्रेते पुरीत असे. मृतांना मूठमाती देणे हे आपल्याकडे दयेचे कृत्य मानले आहे. यू हुआ यांच्या जगात पुनरुत्थानाची आशा नाही, आणि श्रद्धावंत वाचकाला ती उणीव जाणवेल. परंतु ज्यांच्यापाशी ती आशा आहे, त्यांनी रित्या हातांच्या त्या मृतांइतके तरी मायाळू असावे, एवढे हे पुस्तक आपल्याला सुनावते. येत्या 2 नोव्हेंबरला आपल्या आप्तांच्या कबरीवर मेणबत्ती लावून झाली, की शेजारच्या बेवारस कबरीवरही एक लावावी.