करम, नशीब, दैव आणि ‘बॅड लक’

जळगाव-धुळ्याच्या पदव्युत्तर वर्गांत बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेवर लिहिताना विद्यार्थी ‘फेट’, ‘मिसफॉर्च्यून’ असे शब्द सहजपणे योजतात. मराठी शब्द वापरला तरी त्यांच्या ‘दुर्दैवी’ या विशेषणामागे बहुधा ‘अनलकी’ उभा असतो. याकडे केवळ परभाषेचा मोह म्हणून पाहता येणार नाही. समीक्षेची संज्ञा बदलली की संहितेतील दुःखाचा कर्ता बदलतो, आणि बहिणाबाईंच्या कवितेत कर्ता कोण, हाच कळीचा मुद्दा आहे.

इंग्रजीतील शब्दसमूह प्रथम पाहू. ‘मिसहॅप’, ‘हॅपलेस’ आणि गंमत म्हणजे ‘हॅपी’सुद्धा, योगायोग या अर्थाच्या एकाच जुन्या नॉर्स शब्दाची संतती आहे. ‘ॲक्सिडेंट’ आणि ‘चान्स’ हे लॅटिनमधील ‘पडणे’ या क्रियापदातून आले. ‘मिसफॉर्च्यून’मध्ये चक्र फिरविणारी रोमन देवता फोर्तुना आहे, ‘डिझास्टर’मध्ये प्रतिकूल तारा आहे, ‘फेट’मध्ये उच्चारले गेलेले देववचन आहे. ‘लक’ हा शब्द मध्ययुगाच्या अखेरीस उत्तर युरोपातील भाषांतून, बहुधा जुगाराच्या परिभाषेतून, इंग्रजीत आला. अर्थात, व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. व्युत्पत्तीच्या वाटेने किती दूर जावे आणि कोठे थांबावे, हे दोन्ही धडे धुळ्याला वि. का. राजवाड्यांनी देऊन ठेवले आहेत! तारा, चक्र आणि देवता यांची जाणीव आजच्या इंग्रजी वापरात जवळजवळ मावळली आहे. ‘बॅड लक’ म्हणताना उरते ती कर्ता नसलेली घटना.

मराठीतील व्यवस्था वेगळी आहे. ‘भाग्य’ हा शब्द ‘वाटून देणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला. ‘नशीब’ आणि ‘किस्मत’ या अरबी शब्दांचाही मूळ अर्थ वाटा असाच. हे परके शब्द मराठीत इतके बेमालूम रुजले, त्याचे एक कारण हे अर्थसाम्य असावे. वाटा म्हटला की वाटणारा आला. आणि वाटणी अन्यायाची झाली, असे त्याला बजावताही येते. ‘बॅड लक’शी कोणाला भांडता येत नाही. ‘प्रारब्ध’ म्हणजे ज्याचा आरंभ आधीच झालेला आहे ते. आणि ‘कपाळ’, ‘ललाट’ हे तर लिहिण्याचे पृष्ठभागच. मूल जन्मल्यावर सहाव्या रात्री सटवाई तेथे लेख लिहिते, अशी श्रद्धा आहे. म्हणजे दुर्भाग्याला आपल्याकडे शरीरात जागा आहे. सोस्यूरच्या भाषेत सांगायचे तर शब्दाचे मूल्य त्याचे शेजारी ठरवितात. ‘लक’च्या शेजारी पत्ते आणि फासे आहेत, ‘कपाळा’च्या शेजारी कुंकू.

हे शेजारपण बहिणाबाईंनी नेमके ओळखले होते. १८८० मध्ये असोद्याला जन्मलेल्या आणि तिशीच्या सुमारास वैधव्य आलेल्या या कवयित्रीची रचना सोपानदेव व पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवली, म्हणून ती १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथरूपाने आली. ज्योतिष्याला दारातून परत पाठविणाऱ्या त्यांच्या प्रसिद्ध कवितेत करम, नशीब आणि दैव हे तिन्ही शब्द येतात. त्यांना पर्यायशब्द मानून वाचण्याची सवय घातक आहे. करम ही कुंकवाखाली झाकलेली रेषा आहे. कुंकू पुसले जाताच ती उघडी पडते. सौभाग्याची खूण आणि दुर्भाग्याचा लेख यांची जागा एकच आहे, हे सांगायला अन्य कोणती प्रतिमा पुरली असती? नशिबाचा संबंध ग्रहांशी, म्हणजे ज्योतिष्याच्या धंद्याशी येतो आणि तेथे स्वर प्रश्नार्थक होतो. दैव हा शब्द मात्र ती स्वतःकडे घेते: ते कळण्यासाठी तिला मध्यस्थ नको. तळहातावर धनरेषेच्या जागी भेगा दिसतात, त्या मला कष्टाच्या वाटतात. भविष्य वाचण्याचा हात कामाचा पुरावा होऊन बसतो. तिन्ही शब्दांसाठी ‘फेट’ योजले की हा सारा युक्तिवाद सपाट होतो, आणि उरते ती एका विधवेची खंत.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. ‘पांढऱ्या पायाची’ हा शब्द ज्या समाजाने घडविला, त्या समाजात विधवेला कोणी ‘बॅड लक’ एवढेच म्हटले तर ती सुटकाच नव्हे काय? आहे. कर्ता नसलेल्या घटनेत आरोपीही नसतो. इंग्रजीतही ‘जिंक्स’ आहे, जहाजावर संकट आणणाऱ्या माणसाला ‘जोना’ म्हणणारी खलाशांची बोली आहे. तथापि नवऱ्याच्या मृत्यूचे खापर बायकोच्या पावलांवर फोडणारा ‘पांढऱ्या पाया’सारखा प्रचलित शब्द मला त्या भाषेत आढळला नाही. बोलण्यात म्हणून ‘बॅड लक’चे स्वागतच करावे. समीक्षेत त्याचा परिणाम उलटा होतो. आरोपच पुसला गेल्यावर बहिणाबाईंनी दिलेले प्रत्युत्तर कशाला दिले होते, हे वाचकाला कळणार नाही.

१९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली झालेल्या बालकवींच्या मृत्यूला ‘दुर्दैवी अपघात’ म्हणण्याची रीत आहे. ‘अपघात’ आपण ‘ॲक्सिडेंट’साठी वापरतो, म्हणजे हेतुशून्य घटना, ‘दुर्दैवी’त दैवाचा हेतू गृहीत आहे. दोन परस्परविरोधी विश्वकल्पना एका शब्दजोडीत नांदतात, आणि चरित्रलेखनाला त्याचे काही वाटत नाही.

खानदेशातील कापूस पिकविणाऱ्याच्या तोंडी मात्र ही गफलत कमी आढळते. पाऊस गेला तर ते अस्मानी, भाव पडला तर सुलतानी, असा भेद मराठीने कधीपासून करून ठेवला आहे. ‘डिझास्टर’मधल्या ताऱ्याचे नाते ‘अस्मानी’शी सहज जुळते. ‘सुलतानी’ला ‘मिसफॉर्च्यून’ म्हणायचे, तर आधी सुलतानालाच वाक्याबाहेर काढावे लागेल; आणि ग्रामीण कादंबरीवरील आपल्या कित्येक प्रबंधांत नेमके तेच झालेले आहे.