घरागणिक एक नाव

घराण्याचा माग काढणाऱ्या माणसाला पेशवाईतली खानेसुमारी, म्हणजे घरांची मोजणी, नंतरच्या जनगणनेपेक्षा जास्त काही देते, असं माझं ठाम मत आहे. १७ फेब्रुवारी १८८१ला देशभर एकाच वेळी शिरगणती झाली. तिच्या छापील खंडांत पुण्याची वस्ती, जाती, धंदे, वयं सगळं सापडतं; आपले खापरपणजोबा तेवढे सापडत नाहीत. पुढे १९४८च्या कायद्याने व्यक्तीची नोंद गोपनीयच ठरवली. अमेरिकेत ७२ वर्षांनी मूळ पानं खुली होतात, आणि पश्चिमेकडच्या नव्या मुलखात वसायला गेलेल्यांचे वंशज त्यांवरूनच आपली कुळं जुळवतात. आपल्याकडे नाव हवं असेल तर शिरगणतीच्याही मागे जावं लागतं.

तसा पुणे प्रांतही एके काळी सरहद्दच होता. निजामशाही, आदिलशाही आणि मोगल यांच्या ओढाताणीत तो वारंवार उजाड झाला. १६३०च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणं जाळून गाढवाचा नांगर फिरवला. १७६३मध्ये निजामाच्या फौजेने शहर पुन्हा पेटवलं. अशा मुलखात घरं मोजायची म्हणजे कोण टिकलं, कोण परतलं आणि कोण नव्याने आलं याचा हिशेब मांडायचा. कारकुनाला अर्थात पट्टी बसवायची होती. पण पट्टी बसवायला घरधनी माहीत हवा, म्हणून त्याने नाव लिहिलं.

पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे अजूनही सगळे ज्याला पेशवे दप्तर म्हणतात तिथे, हे कागद रुमालांत बांधलेले आहेत. खानेसुमारीचं पान वाचण्याची गोडी त्याच्या मांडणीत आहे. आधी गावाचं किंवा पेठेचं नाव आणि साल. साल अरबी संख्याशब्दांनी लिहिलेलं: सीत सितैन मया व अलफ, म्हणजे ११६६, त्यात ५९९ मिळवले की इसवी १७६५-६६ येतं. मग बितपशील, म्हणजे तपशील पुढे आहे अशी खूण, आणि खाली एकेक घर. नाव, बहुधा 'बिन' लावून बापाचं नाव, जात, धंदा. काही याद्यांत माणसं आणि गुरंढोरंही. शेवटी जुमला, म्हणजे एकूण बेरीज. एकही विशेषण नाही. तरी नावांच्या क्रमाने आळी डोळ्यांपुढे उभी राहते, कारण शेजारी कागदावरही शेजारी राहतात. एका बापाची दोन नावं लागोपाठ आली, की भाऊ वेगळे झाल्याचा अंदाज बांधता येतो. उणीव एकच, पण मोठी: घरातल्या बायका नावाने क्वचितच भेटतात. अर्ध्या घराण्याबद्दल ही यादी मुकी आहे, आणि त्याची भरपाई दुसरा कुठलाही हिशेबी कागद करत नाही.

या यादीच्या जोडीला थळझाडा, म्हणजे गावच्या जमिनीच्या थळांची यादी, वाचला नाही तर रस अपुरा राहतो. गावाची जमीन थळांत वाटलेली असे आणि थळाला मूळ वतनदार कुळाचं आडनाव असे. कूळ दुष्काळात किंवा लढाईत नाहीसं झालं तरी नाव तसंच राही. ती जमीन गतकुळी म्हणून चाले. इंग्रजांचा सांख्यिकी अधिकारी विल्यम साइक्स १८२०च्या दशकात दख्खनभर फिरला तेव्हा त्यालाही या नावांचं महत्त्व जाणवलं. परागंदा मिरासदार पिढी उलटल्यावर परत आला तरी त्याचा हक्क गाव मान्य करी. मला हे फार थोर वाटतं. खानेसुमारी सांगते आज दारात कोण आहे. थळझाडा सांगतो कोण होतं. दोन्ही कागद शेजारी ठेवले की मधली ताटातूट वाचता येते. नांदत्या घरांत ज्यांचं नाव नाही, त्यांचं नाव शेताला लागलेलं दिसतं.

हे वाचायचं म्हणजे मोडी आली पाहिजे. या लिपीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, लेखणी न उचलता ओळ वाहत जाते, आणि नवख्याला 'रामजी' आणि 'समजी' यांत तासभर अडकावं लागतं. फुकाझावा हिरोशींसारखे जपानी अभ्यासक जुन्या मराठी कागदांवरून आपल्या खेड्यांचा इतिहास लिहून गेले. २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी मराठवाड्यात मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधायची वेळ आली, तेव्हा मोडी जाणणारे किती थोडे उरलेत हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं.

तेव्हा शोध सुरू करताना आडनाव धरून बसू नका. जुन्या यादीत ते बहुतेकदा नसतंच. आधी मूळ गाव, परगणा आणि तीन पिढ्यांची नावं घरातल्या वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्या. आणि भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचा वर्ग सुरू झाला की त्यात नाव घाला.