ऐकणाऱ्याचे चित्र

रशियन चित्रकार इल्या रेपिन यांनी १९११ साली रंगविलेले एक ऐतिहासिक चित्र सेंट पीटर्सबर्ग येथील पुश्किन संग्रहालयात आहे. प्रसंग ८ जानेवारी १८१५ चा, म्हणजे जुन्या रशियन पंचांगातील त्या तारखेचा. त्सारस्कोये सेलो येथील लिसियम या विद्यालयात जाहीर परीक्षा चालली आहे आणि १५ वर्षांचा अलेक्झांडर पुश्किन स्वतःची कविता म्हणून दाखवीत आहे. समोर मान्यवरांची दाटी आहे. त्यांत ७१ वर्षांचे गाव्रिला देर्झाविन आहेत. ‘देव’ हे विख्यात स्तोत्रकाव्य लिहिणारे ते त्या काळचे ज्येष्ठ कवी.

चित्राचा नायक अर्थातच पुश्किन. मोकळ्या जागेत तो ताठ उभा आहे, हात उंचावलेला, मान वर. परंतु आम्हांस हा मुलगा फारसा पटत नाही. पुश्किनने पुढे लिहून ठेवलेली आठवण निराळी आहे. देर्झाविन यांचे नाव कवितेत आले तेव्हा त्याचे हृदय धडधडू लागले. कविता कशी संपविली हे त्याला आठवत नाही. वृद्ध कवीने त्याला आलिंगन देण्यासाठी बोलाविले, पण तो केव्हाच पळून गेला होता. हे बावरलेपण रेपिन यांनी गाळले आहे. त्यांचा पुश्किन पुढे महाकवी होणार हे जणू त्याला स्वतःलाच ठाऊक आहे.

चित्र खरे होते ते देर्झाविन यांच्यापाशी. परीक्षा लांबली तसे ते डुलक्या घेत होते आणि साहित्याचा विषय निघताच जागे झाले, असे पुश्किनच सांगतो. रेपिन यांचा म्हातारा आसनावरून अर्धवट उठला आहे, पुढे वाकला आहे आणि हात कानामागे धरून एकेक शब्द टिपतो आहे. भोवतालच्या मानकऱ्यांच्या गर्दीत या देहाइतका जिवंत देह दुसरा नाही. चित्र काढताना रेपिन यांनीही पासष्टी ओलांडली होती. उजवा हात साथ देईनासा झाल्याने डाव्या हाताने रंगविण्याचा सराव त्यांनी केला होता. पोराचे धाडस त्यांनी कल्पनेने रंगविले. म्हाताऱ्याची धडपड मात्र त्यांच्या परिचयाची असावी, असे आम्हांस वाटते.

पुढच्याच वर्षी, १८१६ मध्ये, देर्झाविन निवर्तले. तरी त्या दिवशी लाभलेले ऐकणे पुश्किन विसरला नाही.

आपल्याकडेही सणासमारंभांत मुले धडधडत्या छातीने स्वतःची कविता म्हणतात. पहिल्या रांगेतील आपण वडीलधारे तेव्हा घड्याळ पाहतो, शेजाऱ्याशी कुजबुजतो आणि शेवटी टाळ्या मात्र वाजवितो. त्या मुलांपैकी पुश्किन कोण होईल, हे ठरविणे आपल्या हाती नाही. आपल्या हाती एवढेच आहे, की थोडे पुढे वाकावे आणि ऐकावे.