मिर्याम आणि मरीया : एका नावाची ताटातूट

मरीयेच्या नावावर लिहावयास बसलेला भाविक लेखक 'समुद्रतारा' या अर्थापाशी हमखास येऊन थांबतो. आम्हीही पूर्वी तसेच लिहिले आहे. अर्थ सुंदर आहे, पण तो हिब्रू नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोम यांनी हिब्रू नावांचा जो अर्थकोश रचला, त्यातून तो आपल्यापर्यंत आला. हिब्रूत 'मर' म्हणजे थेंब (यशयाच्या 40 व्या अध्यायात राष्ट्रांना पोहऱ्यातल्या थेंबाची उपमा देताना हाच शब्द येतो) आणि 'याम' म्हणजे समुद्र. तेव्हा जेरोम यांनी 'स्तिल्ला मारिस', समुद्राचा थेंब, असे लिहिले असावे व नकलकारांच्या हातून 'स्तिल्ला'चे 'स्तेल्ला', म्हणजे तारा, झाले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. एका स्वराने खलाशांना दीपस्तंभ मिळाला! त्याबद्दल आमची तक्रार नाही. कवितेला चुकीचीही ददात नसते.

इतर अर्थही थोडे नाहीत. कोणी या नावात बंडखोरी पाहतो, कोणी मिसरी भाषेतील 'प्रिय' हा शब्द. मोशे आणि पीनहास ही त्याच घराण्यातील नावे मिसरी मानली जातात, म्हणून हा तर्क आम्हांस विचारार्ह वाटतो. जर्मन पंडित बार्डनहेवर यांनी 1895 साली या एका नावावर पुस्तकच लिहिले. ज्यू परंपरेला मात्र त्यात कडूपणा ऐकू आला : मिसरातील गुलामगिरीने इस्राएलाचे जीवन कडू केले, त्या काळातले हे नाव.

व्युत्पत्ती म्हणून ते टिको न टिको, निर्गमाच्या कथेला हा कडूपणा ठाऊक आहे. 15 व्या अध्यायात मिर्याम डफ घेऊन समुद्राकाठी गाते. गाणे संपते आणि दोनच ओळींनंतर लोक मारा येथे पोहोचतात, जिथले पाणी कडू आहे. गणनाच्या 12 व्या अध्यायात ती मोशेविरुद्ध बोलते आणि सात दिवस छावणीबाहेर राहते. ती परतेपर्यंत लोक मुक्काम हलवत नाहीत. 20 व्या अध्यायात ती कादेशात मरते आणि लगेच पुढच्या वचनात पाणी नाही. नदीकाठी भावाच्या पेटाऱ्यावर नजर ठेवणारी बहीण हीच, असे परंपरा मानते. पाणी, कडूपणा, बंड हे सारे शब्दकोशाआधी तिच्या आयुष्यातच आहे.

हे सारे लूकच्या ग्रीक वाचकाला आपोआप मिळत होते. ख्रिस्तपूर्व काळात झालेल्या जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात मोशेच्या बहिणीचे नाव 'मारियाम' आहे, आणि नासरेथच्या कुमारिकेचे नाव सांगताना लूकही 'मारियाम' असेच लिहितो. जेरोम यांच्या लॅटिनमध्ये दोघी 'मारिया', अरबीत दोघी 'मरियम'. आमच्या रूढ मराठी बायबलात मात्र एक 'मिर्याम' आणि दुसरी 'मरीया'! पहिले रूप हिब्रूच्या स्वरचिन्हांवरून आले. ती चिन्हे ग्रीक भाषांतराहून कित्येक शतके नंतरची. जुना उच्चार 'मर्याम'च्या जवळचा असावा.

नवल असे की, इंग्रजीने 'जेकब' आणि 'जेम्स' अशी फाळणी केली, तेथे मराठीने कुलपिता व प्रेषित दोघांनाही 'याकोब' म्हणून नाते राखले. स्त्रियांच्या वाट्याला ही दक्षता आली नाही.

हा केवळ वर्णांचा वाद नव्हे. सामर्थ्यवानांना सिंहासनावरून खाली ओढणाऱ्या देवाचे स्तोत्र गाणारी कन्या ही घोडा व स्वार समुद्रात बुडाल्याचे गीत गाणाऱ्या मिर्यामेची नामधारिणी आहे, हे मराठी वाचकाला तळटीप वाचून कळते. मग 'मरीया' म्हणजे केवळ नम्र, मूक, निळ्या वस्त्रातली मूर्ती असा समज पक्का होतो. प्रार्थनेत रुळलेले 'मरीया' बदला, असे आम्ही म्हणत नाही. निर्गमात 'मरियम' लिहावयास मात्र काय अडचण आहे?

त्या काळच्या पॅलेस्टाईनमध्ये हे नाव घरोघरी होते. योहानाने क्रुसापाशी तीन मरीया उभ्या केल्या आहेत. त्याच योहानाच्या 20 व्या अध्यायात कबरेबाहेर रडणारी मग्दालिया 11 व्या वचनात 'मारिया' आहे. 16 व्या वचनात उत्थित प्रभू तिला हाक मारतो, तेव्हा आजच्या प्रमाण ग्रीक संहितेत ती हाक 'मारियाम' अशी आहे. ती वळते आणि 'रब्बूनी' म्हणते. मराठीत दोन्ही ठिकाणी 'मरीया'च छापले आहे.