चित्रातला घोडा आणि दारातला घोडा

मागच्या व्याख्यानात आपण शंकुकाच्या चित्रतुरगन्यायापाशी थांबलो होतो. व्याख्यान संपल्यावर एक तरुण श्रोता आमच्याकडे आला, खिशातून मोबाइल काढला आणि म्हणाला, "सर, तीन मिनिटं द्या. हे मी शाळेत असताना पाहिलं होतं. अजून अंगावर काटा येतो." आजचं व्याख्यान त्या काट्याविषयी आहे.

त्यानं दाखवली ती 'नो मॅन्स स्काय' या व्हिडिओ गेमची जाहिरात-चित्रफीत, जून २०१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री मेळ्यात दाखवलेली. गेम बनवणारी हॅलो गेम्स ही इंग्लंडमधल्या गिल्डफर्डची छोटी कंपनी. गेम बाजारात आला ऑगस्ट २०१६ मध्ये, म्हणजे चित्रफितीनंतर दोन वर्षांनी.

आधी चित्रफितीकडेच पाहू, कारण समीक्षक बहुधा गेमवर बोलतात आणि तिला सोडून देतात. एक अनोळखी ग्रह. पाण्याकाठी अजस्र प्राणी. गेंड्यासारखं एक जनावर झाडं पाडत धावतं, लहान प्राणी बिचकून पळतात. मग पाहणारा यानात बसतो, यान उडतं, आकाशाचा रंग पालटतो आणि आपण थेट अंतराळात पोचतो. तिथं जहाजांचे तांडे, चकमक, आणि पुढे दुसरा ग्रह. मधे कुठेही पडदा पडत नाही, हीच तिची खरी करामत आहे. जमीन आणि आकाश एकाच सलग जागेत आहेत, हे ती शब्दाविना सांगते. त्यात भर पडली आकड्याची. ग्रहांची संख्या दोनाचा ६४वा घात, म्हणजे अठरावर अठरा शून्यं आणि वर आणखी. हे ग्रह कुणी हातानं रंगवलेले नाहीत, गणिती नियमांतून ते घडतात.

आमची पहिली प्रतिक्रिया, प्रामाणिकपणे सांगतो, जरा तुच्छतेचीच होती. जी वस्तू अजून झालेलीच नाही, तिच्यावर कसलं प्रेम करायचं? बाजारातल्या तुरी, दुसरं काय! पण मग तो 'अजून' शब्द आम्हाला टोचायला लागला. या मुलाला गेमचं पुढे काय झालं ते सगळं ठाऊक आहे. तरी काटा येतो. जर ती प्रतिक्रिया केवळ भाबडा विश्वास असती, तर सत्य कळताच ती विरायला हवी होती. दोरी दिसल्यावर साप राहत नाही ना! इथं राहिला. तेव्हा तो साप नव्हताच.

इथं शंकुक कामाला येतो. चित्रातला घोडा पाहताना होणारं ज्ञान खरं नसतं, खोटं नसतं, संशयाचं नसतं आणि सारखेपणाचंही नसतं. ते या चौघांहून वेगळं असतं. चाहत्याचा काटा हा या जातीचा आहे. 'त्या टेकडीपलीकडे जाता येईल' ही कल्पना त्यानं भोगली, आणि ते भोगणं पूर्ण होतं. गेम वाईट निघाला तरी ते खोटं ठरत नाही.

पण थांबा, गोष्ट एवढी सोपी नाही. चित्रकार घोडा दाखवतो आणि गप्प बसतो. विक्रेता म्हणतो, हाच घोडा ऑगस्टमध्ये तुमच्या दारात बांधतो, साठ डॉलर ठेवा. हे वाक्य उच्चारलं की चित्रतुरगन्याय संपतो आणि शब्दप्रमाणाचा कायदा सुरू होतो. नैयायिकांच्या मते आप्त कोण? ज्याला वस्तू जशी आहे तशी माहीत आहे आणि जो ती तशीच सांगतो, तो. विक्रेत्याला आस्वादाचं स्वातंत्र्य हवं असतं आणि आप्ताची पतही. दोन्ही एकदम मिळणार नाहीत.

आता प्रत्यक्षात काय झालं? ग्रहावरून अंतराळात सलग जाणं गेममध्ये खरोखर होतं. पण कळपांचं ते वागणं, ती भव्यता खेळाडूंना सापडेना. कंपनीचे प्रमुख शॉन मरे यांनी मुलाखतींतून सुचवलं होतं की खेळाडू एकमेकांना भेटू शकतील, जरी शक्यता अत्यल्प. प्रकाशनाच्या तोंडावर ते हेही सांगू लागले की हा अनेकांनी मिळून खेळायचा गेम नाही. आणि पहिल्याच दिवशी दोन खेळाडू एकाच जागी पोचले, एकमेकांना दिसलेच नाहीत! ब्रिटनच्या जाहिरात-नियामक संस्थेकडे तक्रारी गेल्या. नोव्हेंबर २०१६ मध्ये तिनं त्या फेटाळल्या. सार असं, की अशा गेमची दृश्यं मासल्यादाखल असतात, हे ग्राहकाला समजतं.

कायद्यानं हे ठीक असेलही. आम्हाला पटत नाही. मासला म्हणजे पोत्यातून सहज काढलेली मूठ. निवडून, सजवून मांडलेली मूठ हा मासला नव्हे. जाहिरातीवर समीक्षेनं ठेवायचा आक्षेप हाच.

मग चाहता निर्दोष? तसंही नाही. मे २०१६ मध्ये गेम काही आठवडे लांबल्याचं जाहीर झालं आणि मरे यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. तेव्हा फसवणूक झालेलीच नव्हती, नुसता उशीर होता. इथं आस्वादाचं कर्ज झालं. मला आनंद झाला, म्हणून तू माझं देणं लागतोस! स्वतःच्या कल्पनेनं भरलेल्या जागेचं भाडं दुसऱ्याकडून मागायचं, असा हा प्रकार. वचन मोडलं तर जाब विचारावा, पैसे परत मागावेत. पण जे आपणच योजलं, त्याचा जाब आपल्यालाच द्यावा लागतो.

पुढची कथा विलक्षण आहे. कंपनी बोलायची थांबली आणि कामाला लागली. नोव्हेंबर २०१६ पासून मोफत भर पडत गेली. जुलै २०१८ मध्ये एकत्र खेळणंही नीट आलं. मग वचन पाळलं गेलं का? आम्ही म्हणतो, फेडलं गेलं. पाळणं आणि फेडणं यांत फरक आहे. फेडण्यात आधी चुकल्याची कबुली असते, आणि म्हणूनच त्याला वेगळा मान आहे.

त्या मुलाला आम्ही विचारलं, "मग आता काय करतोस?" तो म्हणाला, "चित्रफीत पाहतो सर, पण पैसे गेम आल्यावरच देतो." मित्रहो, आमच्या तासाभराच्या व्याख्यानाचा अर्थ त्यानं एका वाक्यात सांगितला. काटा येऊ द्यावा, त्याला लाजू नये. पाकीट मात्र दारात घोडा आल्यावर उघडावं. पुढच्या वेळी आपण अभिनवगुप्तांनी शंकुकावर घेतलेल्या आक्षेपांकडे वळू.