मार खाण्याचं शास्त्र

आमच्या पौराणिक नाटकांत तलवार उपसणाऱ्याला टाळ्या मिळतात. तलवार झेलणाऱ्याला फार तर मेकअपवाला ओळखतो. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा अमेरिकेतल्या ब्लिझार्ड कंपनीने २००४ साली काढलेला कॉम्प्युटरवरचा खेळ मला आवडतो तो एवढ्यासाठीच, की त्यात मार खाणं ही एक स्वतंत्र नोकरी आहे. तिला 'टँक' म्हणतात.

पाचजण गुहेत शिरतात. तिघे राक्षसाला बडवतात, एक मलमपट्टी करतो (तो हीलर), आणि पाचवा टँक सगळा राग स्वतःवर ओढून घेऊन ढालीआड उभा राहतो. एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांना याहून जास्त खुलासा नको!

आता मार खावा कसा? यात दोन पंथ आहेत. एक चुकवणाऱ्यांचा, दुसरा सोसणाऱ्यांचा. आम्ही पडलो बी.कॉम., तेव्हा हिशेबच मांडू. समजा, टँकचा जीव ३५० आणि राक्षसाचा घाव १०० चा. चुकवणारा निम्मे घाव चुकवतो. म्हणजे सरासरी ५०. सोसणारा जाड चिलखतामुळे प्रत्येक घावाचे ६० खातो. सरासरीने चुकवणारा शहाणा ठरला की नाही? पण लागोपाठ चार घाव बसले तर त्याचे ४०० होतात आणि गृहस्थ आटोपतात. चार घावांच्या दर सोळा फेऱ्यांत सरासरी एकदा हे घडणारच. सोसणाऱ्याचे मात्र चार घावांनंतर २४० च जातात. तो जिवंत असतो आणि हीलरला मलमाची डबी उघडायला सवड मिळते. शिवाय राक्षसाचा मंत्र काही बाजूला सरकून चुकवता येत नाही. तिथे गाठीला जीवच जास्त लागतो. थोडक्यात, माणूस सरासरीने मरत नाही, एकदम आलेल्या खर्चाने मरतो. मुलीचं लग्न आणि घराचं छप्पर एकाच महिन्यात निघालेल्या कुणालाही विचारा.

हे मर्म खेळ करणाऱ्यांना जरा उशिरा उमगलं. २००८ च्या आवृत्तीत 'डिफेन्स'चा आकडा ५४० वर नेला की बड्या राक्षसाचा दुप्पट घाव बंद व्हायचा. जो तो ५४० च्या मागे! याला डावपेच म्हणत नाहीत, किमान शिल्लक म्हणतात. २०१० साली तो आकडा काढून टाकला, ते उत्तम झालं. पुढे २०१२ साली खरी बहार आली. योद्ध्याने ढालीचा तडाखा हाणून संताप साठवायचा आणि तोच बचावावर खर्चायचा. येणारे घाव ढालीवर अडवायचे, की ठराविक मार शोषून घेणारं कवच उभारायचं, हे त्या क्षणी त्याने ठरवायचं. संताप जमेला धरून तो वेळेवर खर्च करायला शिकवणारा हा खेळ मला एखाद्या बोधपर पुस्तकापेक्षा उजवा वाटतो.

तक्रार एकच आहे. या कामाला माणसं मिळेनात, म्हणून २०११ साली कंपनीने कमी पडणाऱ्या नोकरीला बक्षिसाची थैली लावली. बहुतेकदा ती टँकच्याच वाट्याला. अहो, दुखणं पगाराचं नाहीच! कुणी किती मारलं याचे तक्ते खेळाडू चवीने वाचतात. पण जो घाव बसलाच नाही, जो सोबती मेलाच नाही, त्याची नोंद कुठल्या रकान्यात करायची? टँक नीट उभा असतो तोवर तो कुणाला दिसत नाही. तो पडला की मात्र चौघांनाही एकदम त्याचं नाव आठवतं.

तेव्हा खेळायला बसणाऱ्या तरुणांना माझी शिफारस सोसणाऱ्या पंथाची. चुकवणाऱ्याचं नशीब त्याच्या एकट्याचं असतं. सोसणाऱ्याच्या भरवशावर मागचे चौघे असतात. आणि गुहेतून बाहेर पडल्यावर त्या चौघांपैकी एकाने जरी "बरं झालं, तुम्ही होता" म्हटलं, तर थैली नसली तरी चालते.