भूकंपकालीन मृदादाब आणि संरक्षक भिंत : मोनोनोबे-ओकाबे पद्धतीची चिकित्सा

संरक्षक भिंतीवरील भूकंपकालीन मृदादाबाच्या अध्यापनात मोनोनोबे-ओकाबे पद्धतीला आजही मध्यवर्ती स्थान आहे. १९२३ च्या कांतो भूकंपानंतर जपानमध्ये विकसित झालेली ही पद्धत म्हणजे कूलाँच्या १७७६ मधील सिद्धांताचा विस्तार होय. क्षणोक्षणी दिशा बदलणाऱ्या त्वरणाऐवजी ती स्थिर जडत्वबल गृहीत धरते. ही सुलभता जसे तिचे सामर्थ्य, तशीच तिची मर्यादाही आहे.

भराव कोरडा व संसंजनरहित असावा आणि भिंत पुरेशी सरकावी, ही तिची मूळ गृहीतके होत. कोयना परिसरासारख्या भूकंपप्रवण व अतिवृष्टीच्या प्रदेशात कोरड्या भरावाचे गृहीतक कितपत टिकते, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. तेथे पाण्याच्या निचऱ्याकडे दुर्लक्ष करून केवळ भूकंप गुणांक वाढविणे हा उपाय ठरत नाही.

दुसरा मुद्दा दाबाच्या कार्यबिंदूचा. मूळ पद्धतीनुसार तो पायापासून एक तृतीयांश उंचीवर येतो. सीड व व्हिटमन यांनी १९७० मध्ये वाढीव दाबासाठी ०.६ उंची सुचविली, तर भारतीय मानक १८९३ च्या १९८४ च्या आवृत्तीने मध्यबिंदू स्वीकारला. बल तेच राहूनही पायाशी येणारे वाढीव आघूर्ण यामुळे १.८ पटींपर्यंत बदलते.

तिसरी अडचण गणिती आहे. मातीचा घर्षणकोन ३०°, भरावाचा उतार २०° आणि क्षैतिज गुणांक ०.२ घेतल्यास वर्गमुळाखालील राशी ऋण होते व सूत्र उत्तरच देत नाही. घाटातील उतारांच्या दृष्टीने हे उदाहरण अपवादात्मक म्हणता येणार नाही. अशा वेळी रिचर्ड्स व एल्म्स यांनी १९७९ मध्ये मांडलेला अनुज्ञेय विस्थापनाचा विचार अधिक वास्तव ठरतो.

याउलट, अल अतिक व सितार यांच्या २०१० मधील अपकेंद्री प्रयोगांत ही पद्धत दाब वाजवीपेक्षा जास्त दाखविते, असे आढळले. मात्र १९९५ च्या कोबे भूकंपात द्रवीभवनामुळे बंदराच्या धक्क्याच्या भिंती काही मीटर समुद्राकडे सरकल्या. सारांश, एकाच सूत्राने कोठे अपव्यय, तर कोठे धोका संभवतो. म्हणून सूत्राइतकीच त्याची गृहीतकेही वर्गात शिकविली जाणे अगत्याचे आहे.